डोळ्यांचा डबा की ताटातली भाजी?



या महिन्याचा आरोग्य-पाठ डोळ्यांचा आहे. पण पाठ सुरू करण्याआधी मला माझी एक चूक कबूल करायची आहे, कारण हा पाठ त्या चुकीतूनच आला आहे.

गेल्या वर्षी एका गावात गटाची बैठक चालू होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले. तेवढ्यात बाहेरून आलेल्या एका विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, दहा मिनिटं देता का? डोळ्यांच्या आरोग्याची माहिती सांगतो." आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, ऐकलं तर काय बिघडलं, असं म्हणून मी हो म्हटलं. दहा मिनिटांत त्याने 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द वीस वेळा तरी उच्चारला असेल. ही पावडर रोज दुधातून घ्यायची, मोतीबिंदू विरघळतो, ऑपरेशन टळतं, असं त्याचं म्हणणं. डबा 850 रुपयांना, महिन्याला एक. मी त्याच्या शेजारीच बसले होते. मी गप्प बसले.

एका ताईंनी सासूबाईंसाठी डबा घेतला. मग दुसरा, तिसरा. असे आठ महिने. 850 गुणिले 8, झाले 6,800 रुपये. त्यातले 3,000 रुपये गटातून 'आजारपण' असं कारण लिहून घेतलेलं अंतर्गत कर्ज होतं. आत्याबाईंना मोतीबिंदू आहे हे शिबिरात आधीच कळलं होतं, ऑपरेशन मोफत होणार होतं. पण पावडर चालू आहे ना, मग बघू, असं म्हणत म्हणत ते मागे पडलं. आठव्या महिन्यात पहाटे गोठ्याकडे जाताना आत्याबाईंना पायरी दिसली नाही. पडल्या, मनगट मोडलं.

मी भेटायला गेले तेव्हा ताई मला काही वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तिथं होता म्हणून घेतला हो डबा."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हणून मी या विषयाचा अभ्यास केला, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

डोळ्यात नेमकं काय बिघडतं?

वय वाढलं की नजर कमी होते, असं आपण सरसकट म्हणतो. पण कमी होण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

मोतीबिंदू : डोळ्याच्या आत एक पारदर्शक भिंग असतं. वयानुसार त्यातली प्रथिनं बदलतात आणि भिंग गढूळ होतं. अंड्याचा पांढरा भाग आठवा. कच्चा असताना आरपार दिसतो, तव्यावर टाकला की पांढरा होतो. पांढरा झाल्यावर तो पुन्हा कच्चा करता येतो का? मोतीबिंदूचं तसंच आहे. गढूळ झालेलं भिंग पुन्हा स्वच्छ करणारं कुठलंही सिद्ध झालेलं औषध आज नाही. ना थेंब, ना पावडर, ना मध. ते भिंग काढून नवं बसवणं हाच उपाय.

काचबिंदू : नाव मोतीबिंदूसारखं, पण आजार निराळा. यात बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही, म्हणून कळत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने राखता येते.

पडद्याची झीज : डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजतो. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट दिसतो, सरळ रेघ वाकडी दिसते.

मधुमेहामुळे पडदा खराब होणं : साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात.

आपल्या देशात 2015 ते 2019 या काळात अंधत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात 50 वर्षांवरच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू निघालं, 100 पैकी सुमारे 66 जणांमध्ये. म्हणजे आपल्या गावातली जी म्हातारी माणसं चाचपडत चालतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची नजर एका ऑपरेशनने परत येऊ शकते.

हा 'अँटिऑक्सिडंट' शब्द काय आहे?

शब्द मोठा आहे, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते होतं. तेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकलं की बराच वेळ पांढरं राहतं. शरीरातही ऑक्सिजनमुळे पेशींची अशी झीज चालू असते. डोळ्यावर तर दिवसभर ऊन आणि उजेड पडतो, म्हणून तिथे ती जास्त. ही झीज थोपवणारे जे पदार्थ असतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजरातलं बीटा कॅरोटीन, पालेभाज्यांतलं ल्युटीन ही त्यातली काही नावं.

म्हणजे विक्रेता पूर्ण खोटं बोलत नव्हता. हे पदार्थ असतात, डोळ्यांना लागतात. आपल्या देशात उत्तरेत आणि दक्षिणेत 60 वर्षांवरच्या हजारो लोकांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्यात मोतीबिंदू कमी दिसला.

मग गोळी किंवा पावडर घेतली की काम झालं, असं वाटणारच. इथेच आपली फसगत होते. रक्तात क जीवनसत्त्व जास्त असणारी बाई कोण असते? जिला फळं-भाज्या परवडतात, जी बहुधा गॅसवर स्वयंपाक करते, जिला दिवसभर उन्हात खुरपायला जावं लागत नाही. तिचे डोळे चांगले राहिले ते जीवनसत्त्वामुळे, की या बाकीच्या गोष्टींमुळे? नुसतं बघून ते सांगता येत नाही.

एक ओळ फवारायची, एक ओळ सोडायची

हे कसं ओळखायचं ते सांगोल्याच्या बायकांना मी काय सांगणार? डाळिंबावर तेल्या आला की किती जण किती प्रकारच्या बाटल्या घेऊन बांधावर येतात ते तुम्ही पाहिलंय. शहाणा शेतकरी काय करतो? सगळ्या बागेवर एकदम मारत नाही. एका ओळीवर फवारतो, शेजारची ओळ तशीच सोडतो, आणि मग दोन्ही ओळी बघतो. दोन्हींवर सारखाच तेल्या दिसला तर बाटली गेली बांधावर.

डोळ्यांच्या गोळ्यांचीही अशीच परीक्षा झालेली आहे, आणि ती आपल्यासारख्याच खेड्यांत झाली. तामिळनाडूत मदुराईजवळच्या पाच गावांत 35 ते 50 वयाच्या 798 जणांना निवडलं. अर्ध्या लोकांना क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन असलेल्या गोळ्या दिल्या. उरलेल्यांना दिसायला तशाच, पण आत औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला कोणती गोळी मिळते ते कळू दिलं नाही. आठवड्यातून तीनदा, सलग पाच वर्षं. 2006 मध्ये निकाल छापून आला. दोन्ही बाजूंचे डोळे सारखेच. मोतीबिंदू वाढायचा तो दोन्हीकडे तसाच वाढला.

मदुराईची ही एकच परीक्षा नाही. जगभरातल्या अशा नऊ परीक्षांचे निकाल 2012 मध्ये एकत्र तपासले गेले. त्यात मिळून 1,17,272 माणसं होती. निष्कर्ष तोच : या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मोतीबिंदू टळत नाही, लांबतही नाही.

'घेतलं तर तोटा तर नाही ना?' असं एका मावशींनी मला विचारलं. तोटा होऊ शकतो. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या 29,000 हून अधिक पुरुषांवर परीक्षा झाली. 1994 मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग कमी नाही तर जास्त निघाला. गाजर खाल्ल्याने असं होत नाही. पण गोळीत तोच पदार्थ फार मोठ्या मात्रेत जातो, आणि मग शरीरात तो वेगळा वागतो.

मग गोळी कुठेच उपयोगी नाही का?

आहे. दोन ठिकाणी आहे, आणि तेही नीट समजून घ्या, नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं औषधही कोणी फेकून देईल.

पहिलं ठिकाण म्हणजे वर सांगितलेली पडद्याची झीज. अमेरिकेत यावर मोठी परीक्षा झाली, 2001 मध्ये निकाल आला. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं असं ठरावीक मात्रेचं औषध होतं. ज्यांची झीज मध्यम टप्प्याला पोहोचली होती किंवा ज्यांचा एक डोळा आधीच जास्त खराब झाला होता, त्यांच्यात पाच वर्षांत फरक दिसला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 100 पैकी साधारण 28 जणांची झीज पुढच्या टप्प्याला गेली, औषध घेणाऱ्या 100 पैकी 20 जणांची. म्हणजे 100 मागे 8 जणांचा बचाव. ही काही लहान गोष्ट नाही. पण बाकीच्या 20 जणांची झीज औषध घेऊनही वाढली, आणि गेलेली नजर कोणाचीच परत आली नाही. ज्यांना झीज नव्हती किंवा अगदी थोडी होती, त्यांना फायदा दिसला नाही. त्याच परीक्षेत मोतीबिंदूवर काहीही परिणाम झाला नाही. पुढे 2013 मध्ये बीटा कॅरोटीन काढून त्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन घातलेलं औषध जास्त सुरक्षित ठरलं.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत थेंब घालून पडदा तपासला आणि मग गोळी लिहून दिली, तर ती जरूर घ्या. पडदा न बघता बैठकीत डबा विकणारा मात्र हे औषध देऊ शकत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे लहान मुलं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, फार कमी पडलं तर डोळा कायमचा जातो. म्हणूनच मूल 9 महिन्यांचं झाल्यापासून 5 वर्षांचं होईपर्यंत अ जीवनसत्त्वाचे एकूण 9 डोस दिले जातात. नातवंडांचा एकही डोस चुकवू नका. नसलेली वस्तू भरून काढणं वेगळं, आणि पुरेशी असताना वर आणखी ओतणं वेगळं.

ताटात काय असावं?

गोळीने मोतीबिंदू टळत नाही, म्हणजे भाजी-फळांना काही अर्थ नाही, असं समजू नका. पालेभाज्या आणि फळं नियमित खाणाऱ्यांचे डोळे जास्त चांगले राहतात असं अनेक निरीक्षणांत दिसलं आहे. शिवाय रक्त, हाडं, साखर, रक्तदाब या सगळ्यालाच त्याचा फायदा. यासाठी बाजारातून महागडं काही आणायला नको.

- पालेभाजी : शेवग्याचा पाला, पालक, मेथी, चाकवत, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याची आणि करडईची कोवळी भाजी. ल्युटीन यातच असतं. शेवग्याची झाडं आपल्या बांधावर आहेत. शेंगा बाजारात जातात, पाला शेळी खाते. थोडा आपणही खाऊया.
- तेलाची फोडणी हवीच : ल्युटीन आणि बीटा कॅरोटीन तेलाबरोबरच अंगी लागतं. नुसती उकडलेली भाजी खाऊन तेवढा उपयोग नाही. चमचाभर तेल किंवा वरून शेंगदाण्याचं कूट पुरतं.
- क जीवनसत्त्व : आवळा, पेरू, लिंबू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर. हे जीवनसत्त्व जास्त शिजवलं की बरंच नष्ट होतं. म्हणून लिंबू भाजी-आमटी उतरवल्यावर पिळा.
- ई जीवनसत्त्व : शेंगदाणे, सूर्यफूल आणि करडईचं तेल. भाकरीबरोबर शेंगाचटणी खातो, ती वाया जात नाही.
- जस्त : ज्वारी, बाजरी, डाळी, तीळ, भोपळ्याच्या बिया. मोड आणलेली कडधान्यं जास्त चांगली.
- अंडं : पिवळ्या बलकात ल्युटीन असतं आणि ते सहज अंगी लागतं. घरच्या कोंबडीची सगळी अंडी विकू नका.

आता डाळिंबाबद्दल, कारण हा प्रश्न सांगोल्यात येणारच. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला तालुका पुढे आहे. डाळिंबात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात. पण डाळिंबाने मोतीबिंदू जातो हे सिद्ध झालेलं नाही, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फळ म्हणून मात्र उत्तम आहे. आपल्याकडे चांगला माल व्यापाऱ्याला जातो आणि तडकलेलं फळ घरात येतं. तडकलेलं असलं तरी आतले दाणे चांगले असतील तर बाईने स्वतः खावेत. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर खाऊ, हे डोळ्यांच्याही हिताचं नाही.

ताटाबाहेरच्या गोष्टी

चुलीच्या धुराचा आणि बायकांच्या मोतीबिंदूचा संबंध आपल्याच देशातल्या तपासणीत दिसला आहे. गॅस असेल तर वापरा. चूल असेल तर धूर बाहेर जायची सोय करा. घरातल्या माणसांची विडी-सिगारेट डोळ्यांचंही नुकसान करते, मोतीबिंदू आणि पडद्याची झीज दोन्ही वाढवते. उन्हात खुरपताना पदर कपाळावर पुढे ओढा, जमलं तर टोपी किंवा गॉगल वापरा. साखरेचा आजार असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, दिसायला त्रास नसला तरी.

आणखी एक. गुडघेदुखीवर कोणीही दिलेल्या पुडीतल्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. जास्त दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंब घेतले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात.

ऑपरेशनची भीती आणि डब्यावरची ओळ

'मोतीबिंदू पिकू द्यायचा असतो' हे जुन्या काळच्या ऑपरेशनचं खरं होतं. आता तसं नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येतं. फार पिकला की भिंग कडक होतं आणि ऑपरेशन अवघड होतं. उन्हाळ्यात करायचं नसतं, हाही गैरसमज. डोळ्याचा भाग बधिर करून बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होतं, आत कृत्रिम भिंग बसतं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शासकीय रुग्णालयात हे मोफत होतं. आशाताईंना विचारा, सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा, तिथून पुढे कुठे आणि कधी जायचं ते कळेल.

आत्याबाई पडल्यावर मी तो रिकामा डबा मागून घेतला. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. तिचा अर्थ : औषधी उपयोगासाठी नाही. अशी पूरक आहाराची पावडर विकताना ही ओळ छापणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे तोंडाने मोतीबिंदू बरा करतो म्हणायचं आणि डब्यावर औषध नाही म्हणून छापायचं. शिवाय औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 पासून आहे. त्यातल्या आजारांच्या यादीत मोतीबिंदू, काचबिंदू आणि अंधत्व ही तिन्ही नावं आहेत. या आजारांवर हमखास इलाज म्हणून जाहिरात करणं हा गुन्हा आहे. मी ती ओळ त्या दिवशी वाचली असती तर!

काचबिंदूच्या बाबतीत तर हे पैशावर थांबत नाही. आठ महिने पावडर खाल्ली आणि आजार मोतीबिंदू नसून काचबिंदू निघाला, तर त्या आठ महिन्यांत गेलेली नजर कोणीही परत देऊ शकत नाही. म्हणून आधी तपासणी, मग बाकीचं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

1. प्रत्येकीने एक डोळा तळहाताने झाकून 20 फुटांवरून समोरच्या ताईंची बोटं मोजायची. मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर लावून. दोन डोळे उघडे ठेवून चांगल्या डोळ्यामागे वाईट डोळा लपतो, म्हणून एकेक झाकायचा.
2. तसाच एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघायचं. चौकट वाकडी किंवा मधे तुटलेली दिसली तर लवकर डॉक्टरांना दाखवायचं.
3. घरातल्या 50 वर्षांवरच्या माणसांचीही हीच तपासणी घरी करायची. ज्यांना बोटं मोजता आली नाहीत त्यांची नावं लिहून आशाताईंकडे द्यायची. बोटं मोजता आली म्हणजे डोळे निरोगी असंही नाही. चाळिशीनंतर अधूनमधून डॉक्टरांकडून डोळे तपासून घ्यायचे.
4. अचानक दिसेनासं झालं, डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

गटात चर्चेसाठी प्रश्न

- गेल्या वर्षभरात आपल्या गटातून 'आजारपण' म्हणून दिलेल्या कर्जातले किती पैसे डॉक्टरांकडे गेले आणि किती डबे-बाटल्यांवर?
- बाहेरचा माणूस बैठकीत काही विकायला आला तर काय करायचं? तुमचा ठराव काय?

दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मी ठरवलं आहे. यापुढे मी असताना कोणत्याही बैठकीत औषध, पावडर, तेल विकलं जाणार नाही. आणि मी कधी विसरले तर तुम्ही मला थांबवा. मॅडम म्हणून गप्प बसू नका.

आत्याबाईंचं ऑपरेशन नंतर झालं. डॉक्टर म्हणाले, भिंग फार कडक झालंय, आधी यायला हवं होतं. पण नजर आली. पट्टी काढून घरी आल्यावर सुनेकडे बघून त्या पहिलं काय बोलल्या माहीत आहे? "अगं, तू एवढी वाळलीस कधी?"

तेव्हा डोळे तपासा, आणि ताटातही लक्ष घाला. स्वतःच्या ताटात आधी.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सांगोला